‘नोकरी सोडा, वेबसाइट काढा’ या सल्ल्याला सविस्तर उत्तर

अक्कलकोट रोडचा हिशेबनीस

परवा सोलापूरकरांच्या या ऑनलाइन चर्चेत इथल्याच एका तरुणाने लिहिले की त्याच्या चार वेबसाइट आहेत, महिन्याला दीड लाख रुपये घरबसल्या येतात, आणि एमआयडीसीत २५ हजारांवर राबणाऱ्यांनी ‘भीतीची चादर फेकून’ सरळ राजीनामा द्यावा. त्याखाली दोघांनी राजीनाम्याचा मसुदा मागितलेला पाहिला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मी एका टॉवेलच्या कारखान्यात अकरा वर्षे हिशेब लिहिले. २०२१ मध्ये २७ हजारांची नोकरी सोडली, तेव्हा माझ्या शेतीविषयक मराठी वेबसाइटवरून सलग सहा महिने पगाराइतके पैसे येत होते. म्हणजे मी डोळे मिटून उडी मारलेली नव्हती, काठीने खोली मोजून उतरलो होतो. २०२३ च्या जुलैत महिन्याला ९ लाख वाचने आणि हजार वाचनांमागे जाहिरातींचे सरासरी पाऊण डॉलर, असे साधारण ५५ हजार रुपये मिळाले. बायकोने त्या महिन्यात पहिल्यांदा ‘बरं झालं सोडली’ असे म्हटले. त्यानंतर सप्टेंबर २०२३ आणि मार्च २०२४ असे गुगलच्या शोधात दोन मोठे फेरबदल झाले, आणि डाळिंबावरच्या तेल्या रोगापासून ठिबकच्या अनुदानापर्यंत जे जे मी स्वतः बागांत फिरून लिहिले होते, ते शोधात कुठल्या कुठे गेले. मे महिन्यात सव्वा लाख वाचने झाली आणि कमाई ९४ डॉलर. ॲडसेन्सवर, म्हणजे गुगलच्या जाहिरातींच्या खात्यावर, शंभर डॉलर भरल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, त्यामुळे पुढच्या महिन्याची पैसे सुटण्याची २१ तारीख आली आणि तशीच गेली. त्याच वर्षी ऑगस्टपासून गुगल भारतातही शोधाच्या माथ्यावर स्वतःच तयार उत्तर देऊ लागले, तेव्हा उरलीसुरली आशाही संपली.

कारखान्यातून काढले असते तर निदान नोटिशीचा एक महिना मिळाला असता आणि भांडायला समोर एक माणूस तरी असता. इथे माझे नेमके काय चुकले हे मला आजतागायत कळलेले नाही. सोलापुरात आपण रिक्षावाल्यापासून चहावाल्यापर्यंत ओळखदेख नसलेल्या प्रत्येकाला ‘मालक’ म्हणतो. वेबसाइटवाल्याचे मालकपण त्याच जातीचे आहे. मी पुन्हा नोकरीत आहे, पगार २४ हजार.

चार साइटवाला

तो तरुण मीच, नाव न घेण्याची गरज नव्हती. काका, तुम्हाला नाकातोंडात पाणी गेले म्हणून हिप्परग्याच्या तलावात कोणी पोहूच नये, असा हा न्याय झाला. तुम्ही एका विषयावर, एका वेबसाइटवर आणि एकाच गुगलच्या भरवशावर बसलात, हा तुमचा निर्णय होता. माझे विषय चार आहेत, वाचक चार वाटांनी येतात आणि भरती, निकाल, सरकारी योजना यांना वर्षभर मरण नाही.

आणि नोकरी पक्की असते हे सोलापूरकराने सोलापूरकराला सांगावे, यासारखा दुसरा विनोद नाही. ज्या गावातल्या गिरण्यांना एकेकाळी कुलपे लागली, त्या गावात अजून पगाराची आरती ओवाळली जाते. माझ्या वर्गातली निम्मी मुले हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेली ती परत आली नाहीत, आणि तिथे ४० हजार मिळवून १४ हजार भाड्यात घालतात. मी आईच्या हातचे जेवून त्यांच्या तिप्पट मिळवतो. यात कोणाच्या पोटात का दुखावे?

गिरणीवाल्याचा नातू

गिरण्यांचे नाव काढले म्हणून लिहितो. माझे आजोबा ज्या गिरणीत होते ती बंद पडली तेव्हा मी चौथीत होतो. गिरणी बंद होऊन दोन वर्षे झाली तरी ते भोंग्याच्या वेळेला उठून, आंघोळ करून, डबा नसताना बाहेर पडायचे, आणि दुपारी पार्क चौकातून परत यायचे. त्यांची देणी मिळायला बरीच वर्षे गेली, तीही तुकड्यातुकड्यांनी मिळाली. पण मिळाली, कारण हजेरीपटावर त्यांचे नाव होते, युनियन होती आणि कोर्टात दाखवायला पासबुक होते. चार साइटवाले, गिरण्यांचे उदाहरण तुमच्या बाजूचे नाही. तुमचे नाव कोणत्या हजेरीपटावर आहे, ते सांगा.

तरीही एक मान्य करतो: आजोबांना दुसरे काहीच येत नव्हते आणि शिकण्याचे वयही उरले नव्हते. हिशेबनीस साहेबांना निदान परतायला जागा मिळाली.

कर आणि परतावे

त्या तरुणाच्या मूळ लेखनात दीड लाख ‘मिळतात’ असे म्हटले आहे, ती जमा आहे की नफा, हे कोणी विचारलेले दिसत नाही. वर्षाला १८ लाख होतात. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे, आणि जाहिरातींचे पैसे परदेशातून येत असल्यामुळे त्यावर शून्य दर लागत असला तरी उलाढालीच्या बेरजेत ते धरावेच लागतात. मी लोकांची विवरणपत्रे भरून देतो; माझ्याकडे गेल्या वर्षी असे दोघे आले, दोघांनीही तीन वर्षे विवरणपत्र भरलेले नव्हते, आणि दोघांनाही घरासाठी कर्ज हवे होते. बँकेने स्क्रीनवरचा डॉलरचा आकडा पाहून कर्ज दिल्याचे मला तरी आठवत नाही.

चार साइटवाला

मी विवरणपत्र भरतो. धन्यवाद. फी किती झाली?

दुकानांच्या साइट करणारा

या सगळ्यात आमची जमात विसरली गेली. वेबसाइटवर जगणे म्हणजे केवळ जाहिरातींवर जगणे नव्हे. मी गेली आठ वर्षे चादरीचे व्यापारी, मंगल कार्यालये आणि दवाखाने यांच्या वेबसाइट बांधून देतो आणि त्यातच घर चालवतो. पण त्यातले सुखही ऐका. नवी पेठेतल्या एका दुकानदाराने पंधरा हजारांचे काम चार महिने करून घेतले, अकरा वेळा रंग बदलून घेतला, आणि शेवटी ‘आमचा भाचा फुकटात करतोय’ म्हणून सांगितले. भाच्याने डोमेनचे, म्हणजे वेबसाइटच्या नावाचे, नूतनीकरण केले नाही, नाव दुसऱ्याच कोणी घेतले, तेव्हा रात्री साडेदहाला फोन मलाच. या शहरात लूमवर पन्नास लाख घालणारा माणूस वेबसाइटच्या पाच हजारांसाठी घासाघीस करतो, हे दुखणे एकदा कोणीतरी लिहून ठेवायला हवे होते. मी नोकरी सोडल्याचा पश्चात्ताप करत नाही, पण उधारीची वही माझ्या इतकी कोणत्याही किराणा दुकानाची जाड नसेल.

पूर्व भागातले सेवा केंद्र

मी एरवी इथे केवळ वाचते, पण वर ‘सरकारी योजनांना मरण नाही’ हे वाक्य वाचले आणि राहवले नाही.

माझे सेवा केंद्र पूर्व भागात आहे. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली तेव्हा आमच्या दारापुढे पहाटे सहापासून रांग असायची. नारीशक्ती दूत ॲप दिवसा उघडत नसे, म्हणून मी आणि माझी बहीण रात्री दोनपर्यंत बसून अर्ज भरत होतो. रांगेतल्या बहुतेक बायका बिड्या वळणाऱ्या. त्यांतल्या कित्येकींना मराठी वाचायला अडचण, कारण घरात तेलुगू. त्यामुळे मोबाइलवर जे दिसेल ते मुलाकडून वाचून घ्यायचे आणि त्यावर विश्वास ठेवायचा. ‘आज तीन हजार जमा, यादीत आपले नाव पाहा’ असा मथळा वाचून किती जणी अर्ध्या दिवसाचे काम टाकून माझ्याकडे आल्या, याची गणती नाही. यादी कुठेच नव्हती. मथळ्याखाली जुनीच माहिती पाच वेळा फिरवून लिहिलेली, आणि मधे मधे जाहिराती. बिडीचा हिशेब हजारावर होतो. अर्धा दिवस गेला म्हणजे किती बुडाले, ते दीड लाख मिळवणाऱ्यांनी एकदा मांडून पाहावे.

चार साइटवाले, तुमच्या वेबसाइटचे नाव मला ठाऊक आहे. त्या मथळ्यांतला एक तुमचा होता.

चार साइटवाला

ताई, आरोप करण्याआधी एवढे लक्षात घ्या की तसे मथळे मी एकटा देत नाही, नावाजलेली वृत्तसंकेतस्थळेही देतात. मी साधा मथळा दिला तर माझे पान गुगलच्या शोधात दहाव्या पानावर जाते आणि ज्याने भडक दिला त्याला वाचक मिळतात. माझ्यासारख्या लहान माणसावर चढायला सोपे आहे. तुम्हीही त्या अर्जांचे पैसे घेतलेच असतील.

पूर्व भागातले सेवा केंद्र

अर्ज विनामूल्य होता. मी झेरॉक्सचे पैसे घेतले, तेही सगळ्यांकडून नाही. माझी आई चाळीस वर्षे बिड्या वळते आहे, मला कष्टाचे दर शिकवू नका.

तुम्ही स्वतःला मालक म्हणवता म्हणून सांगते. माझ्या आईला कारखान्यातून पान आणि तंबाखू मिळते, ती घरी बसून वळते, वेळ तिची, ओसरी तिची, वरकरणी कोणी साहेब नाही. पण माल द्यायला गेले की तपासणारा त्यातल्या काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो आणि तेवढी मजुरी बुडते. का काढल्या हे विचारायची सोय नाही. तुमच्या हिशेबनीस काकांची गोष्ट वाचताना मला तेच दिसले. फरक एवढाच की आई स्वतःला उद्योजक म्हणत नाही.

गिरणीवाल्याचा नातू

ताईंच्या या उदाहरणापुढे माझा हजेरीपटही फिका पडला. बिडी कामगारांना निदान ओळखपत्र तरी असते.

अक्कलकोट रोडचा हिशेबनीस

धागा नोकरीवरून मथळ्यांवर गेला, पण मला तो बाजूला गेल्यासारखा वाटत नाही. मी शेतीवर प्रामाणिकपणे लिहिले आणि बुडालो. ज्यांनी ‘हप्ता जमा’ लिहिले ते टिकले. माझ्या मनात ही खदखद आहे, आणि चार साइटवाल्याला वरचे उत्तर देताना तिचा वास आला असेल तर तो खरा आहे. माझी मुलगी एकदा म्हणाली होती, ‘बाबा, तुम्हीपण तसे मथळे द्या ना.’ दोन दिवस मी दिलेही. तिसऱ्या दिवशी बार्शीच्या एका शेतकऱ्याने फोन करून अनुदानाची तारीख विचारली, तेव्हा मला उत्तर देता आले नाही, आणि मी ती पाने काढून टाकली.

चार साइटवाला

म्हणजे तुम्हीही दिले होते. ठीक आहे.

ताईंच्या समाधानासाठी त्या पानाचा मथळा मी आत्ता बदलला आहे. आता तिथे ‘लाडकी बहीण : अर्जाची स्थिती कशी पाहावी’ असे साधे वाक्य आहे. मी काही राक्षस नाही.

पूर्व भागातले सेवा केंद्र

पाहिले. मथळा बदलला, आभार. पण खाली हिरव्या रंगाचे ‘येथे अर्ज करा’ असे मोठे बटण अजून आहे. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी तुमच्याच पानावर ते दाबले, नंबर दिला, आणि तेव्हापासून त्यांना कर्ज घ्या म्हणून रोज फोन येतात.

चार साइटवाला

ते बटण माझे नाही, जाहिरातीतले आहे. तिथे कोणती जाहिरात लागेल हे मी ठरवत नाही, ती आपोआप येते.

पूर्व भागातले सेवा केंद्र

वेबसाइट तुमची आहे ना, मालक?

चार साइटवाला

त्या पानावरच्या सर्व जाहिराती बंद केल्या आहेत, पुन्हा तपासून घ्या. आणि ज्या दोघांनी राजीनाम्याचा मसुदा मागितला होता, त्यांच्या माहितीसाठी: दीड लाखांतले ८० हजार त्या एका पानाचे होते.