शरद ऋतूत पानं पिवळी तर काही लालभडक का होतात?

पानवेडा: थंड प्रदेशात झाडं रंग बदलतात तेव्हा एक पान पिवळं तर दुसरं लालबुंद, हे कसं काय? रंग आधीपासून पानात असतो की नवीन तयार होतो? कोणीतरी नीट सांगा ना.

हिरवाई: दोन्ही! पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्याचा, तो उन्हाळाभर पानात असतोच, फक्त क्लोरोफिलच्या हिरव्याखाली दिसत नाही. दिवस लहान झाले की झाड क्लोरोफिल मोडतं आणि पानातला नायट्रोजन खोड-मुळांकडे ओढून घेतं, मग पिवळा उघडा पडतो. पान नीट बघा, बऱ्याचदा शिरांजवळचा हिरवा सगळ्यात शेवटी जातो.

मूळखोड: लाल मात्र नवीन बनतो, अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. देठाशी पेशींचा थर तयार होऊन वाट बंद होत जाते, साखर पानात अडकते, त्यात दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा असेल तर रंग अजून खुलतो. मॅपलच्या लाल पानावर दुसऱ्या पानाची सावली पडलेली असेल तर तेवढा भाग पिवळाच राहिलेला दिसतो, मला हे फार भारी वाटतं!

पानवेडा: पण गळणाऱ्या पानावर एवढा खर्च कशाला?

मूळखोड: त्यावर अजून वाद आहे. नायट्रोजन काढून घेईपर्यंत उन्हापासून संरक्षण, हे मला जास्त पटतं.