कॉलेज नावापुरतं ठेवा, गणित सोडा : हा सल्ला मला अजिबात मान्य नाही

रसायन_मास्तर
काल इथे एका पालकांनी लिहिलं, "मुलाला डॉक्टर करायचंय ना? मग अकरावीपासून कॉलेज नावापुरतं, क्लास खरा. प्रॅक्टिकलला परीक्षेपुरतं जायचं आणि गणित पहिल्याच दिवशी सोडायचं." खाली सगळ्यांचं "अगदी बरोबर". मला राहवलं नाही.

19 वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतोय. गेल्या वर्षी बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला एक मुलगा आला. दोन वर्षांत त्याचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. टायट्रेशन होतं : ब्युरेट नावाच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडायचं आणि रंग बदलताच थांबायचं. ब्युरेटची तोटी त्याने पूर्ण उघडली, फ्लास्क गडद गुलाबी झाला तरी धार चालूच. मग हळूच विचारतो, "सर, थांबायचं कधी?" फिक्या गुलाबीवर थांबायचं, हे त्याला पाठ होतं. फिका म्हणजे किती, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. क्लासच्या टेस्टमध्ये हाच मुलगा सहाशेच्या वर असायचा.

आणि गणित. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, NEET मध्ये, 720 पैकी 360 मार्क बायोलॉजीचे, म्हणून गणित टाकतात. पण बायोलॉजी सगळेच घोकतात, मुलं अडकतात फिजिक्सच्या 180 मार्कांत. वेक्टर, लॉग, थोडं कॅल्क्युलस येत नसेल तर उत्तर चुकतं, आणि चुकीच्या उत्तराला वरून एक मार्क जातो तो वेगळाच. NEET हुकली की हातात नुसतं पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी), इंजिनिअरिंगचं दार लागलेलं. पंधरा वर्षांच्या पोराला एवढं कोंडू नका.

शेतकरी_बाप
मास्तर, तुमच्याकडे तास होत असतील. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्सला दिवाळीपर्यंत माणूसच नव्हता. मग तासिका तत्त्वावर एक पोरगा आला, तोही जानेवारीत सोडून गेला. काय करायला पाहिजे होतं मी? क्लाससाठी लातूरला दहा बाय बाराची खोली केली. बायको दोन वर्षं पोरीबरोबर तिथं, मी गावाकडं एकटा. टेस्टचे मार्क मोबाईलवर आल्याशिवाय घास उतरत नव्हता. पोरीला सरकारी सीट लागली. क्लास नसता तर लागली नसती. तुमचं टायट्रेशन तुमच्याजवळ ठेवा.

डोंबिवलीची_आई
दादा, मुलीचं अभिनंदन. पण सीट क्लासमुळे लागली की 2020 मध्ये मेडिकल प्रवेशाचं 70:30 काढलं म्हणून लागली? आधी 70 टक्के जागा त्या त्या विभागाच्या मुलांना होत्या. ते गेलं आणि आमची मुलं घरच्या कॉलेजांतून बाहेर फेकली गेली. माझा मुलगा गोंदियाला आहे. विदर्भ एक्सप्रेसने अख्खी रात्र प्रवास करून येतो आणि दोन दिवसांत परत जातो.

शेतकरी_बाप
ताई, "घरची कॉलेजं" म्हणालात म्हणून बोलतो. तेव्हा मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत सरकारी मेडिकल चार : औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. तुमच्या एकट्या मुंबईत जेजे, केईएम, नायर, सायन, कूपर. पाच! आमच्या पोरांनी जास्त मार्क घेऊन घरी बसायचं आणि कमी मार्कांना केईएम द्यायचं, हा न्याय होता का?

डोंबिवलीची_आई
कमी मार्क कोणाला म्हणता? माझा मुलगा पहाटे पाचला उठून अभ्यास करायचा. तुम्हाला त्याची मेहनत माहीत नाही, तोंडाला येईल ते लिहू नका.

शेतकरी_बाप
तुमच्या मुलाला बोललो नाही. नियमाला बोललो. पण पहाटे पाचला आमची पोरंही उठतात, ताई, आणि लाईट नसते.

नागपुरी_काका
धागा अकरावीचा आहे. 70:30 चं भांडण थांबवा. आणि थांबवायचं नसेल तर विदर्भाबद्दलही कोणीतरी बोला.

रसायन_मास्तर
शेतकरी दादा, शिक्षकांच्या रिकाम्या जागांबद्दल तुमचं खरं आहे, मान्य करतो. पण ज्या लातूर पॅटर्नच्या भरवशावर तुम्ही खोली केलीत, तो मुळात कॉलेजांतच उभा राहिला. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज. तिथले प्राध्यापक जादा तास घ्यायचे, पेपरावर पेपर सोडवून घ्यायचे. क्लासेसची गर्दी नंतर आली. म्हणजे कॉलेज हे करू शकतं. आपण ते मागायचं सोडून दिलं, याचा मला राग आहे.

इंटर्न_ताई
माझी इंटर्नशिप चालू आहे, म्हणून दोन्ही बाजूंना सांगते. मी चारही विषय ठेवले होते, गणितासकट. फिजिक्स त्यामुळेच निघालं. पण सर, बारावीच्या दिवाळीनंतर मीही कॉलेजला गेले नाही. तासाला शंभर मुलं, शंका विचारायची सोयच नव्हती. तेवढं तुम्हाला ऐकावं लागेल.

आणि "नावापुरतं कॉलेज" घेणाऱ्यांनी नाव कुठे टाकतोय ते तरी बघा. माझा मावसभाऊ क्लाससाठी राजस्थानात कोटा शहरात गेला आणि बारावी तिकडच्याच शाळेतून दिली. मार्क चांगले आले. इथे फॉर्म भरताना कळलं की दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. सरकारी कॉलेजांतल्या राज्याच्या 85 टक्के जागांतून बाहेर. सरकारीसाठी उरला फक्त ऑल इंडियाचा 15 टक्के, तिथे नंबर लागला नाही. मावशीने तो फॉर्म अजून कपाटात ठेवलाय. कोणी सांगितलं नव्हतं तिला. क्लासनेही नाही.

डोंबिवलीची_आई
हे मलाही माहीत नव्हतं. धाकटीला कोटाला पाठवायचं घरात चाललं होतं. आज रात्री परत बोलावं लागेल.

शेतकरी_बाप
मास्तर, धाकटा यंदा दहावीला आहे. क्लास लावणारच, त्यावर बोलू नका. पण त्याचं गणित ठेवतो. प्रॅक्टिकलचं म्हणाल तर आमच्या कॉलेजच्या लॅबला दोन वर्षं कुलूप आहे. पोराने ब्युरेट बघायची कुठं?

रसायन_मास्तर
मे महिन्यात घेऊन या. मेसेजमध्ये कॉलेजचा पत्ता पाठवतो. प्राचार्यांची परवानगी मी काढतो, लॅब उघडून देतो.