गुठळी विरघळवणारे इंजेक्शन : तीन ते साडेचार तासांचा पुरावा किती भक्कम?

धुळाक्षर (धागाकर्ते)

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर अल्टेप्लेझचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावे, असे आज बहुतेक देशांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. या साडेचार तासांत दोन वेगळ्या प्रतींचे पुरावे एकत्र बांधले गेले आहेत, आणि नातेवाइकांची संमती घेताना ते सुटे करून सांगणे डॉक्टरांवर बंधनकारक असायला हवे, असे माझे मत आहे. चर्चा त्यावर व्हावी.

पहिल्या तीन तासांचा पाया म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय मेंदूविकार संस्थेची, डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली ६२४ रुग्णांची चाचणी. तिच्या निर्णायक दुसऱ्या भागात, तीन महिन्यांनंतर रँकिन मोजपट्टीवर (रुग्णाला किती परावलंबित्व उरले ते मोजणारी श्रेणी) जवळजवळ पूर्ण बरे ठरलेले रुग्ण औषधाच्या गटात ३९ टक्के, तर प्लासिबोच्या (औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय द्रव्याच्या) गटात २६ टक्के होते. प्रकृती बिघडवणारा मेंदूतील रक्तस्राव ६.४ टक्के रुग्णांना झाला. प्लासिबोच्या गटात हे प्रमाण ०.६ टक्के होते. दीड तासानंतर औषध मिळालेल्यांचे झटके मुळातच तुलनेने सौम्य होते, अशी या चाचणीवर टीका झाली. त्या टीकेमुळे नेमलेल्या स्वतंत्र समितीने २००४ मध्ये फेरतपासणी करून, असमतोल लक्षात घेतला तरी लाभ टिकतो, असा निर्वाळा दिला. तो मला पटतो.

तीन ते साडेचार तासांची शिफारस मात्र मुख्यतः २००८ च्या 'एकॅस-३' या युरोपीय चाचणीवर उभी आहे. त्या चाचणीत ८२१ रुग्ण होते. चांगला परिणाम औषधाच्या गटात ५२.४ टक्के आणि प्लासिबोच्या गटात ४५.२ टक्के रुग्णांत दिसला, म्हणजे सांख्यिकीच्या उंबरठ्यावरून जेमतेम आत आलेला फरक. पूर्वी पक्षाघात होऊन गेलेले रुग्ण औषधाच्या गटात ७.७ टक्के होते आणि प्लासिबोच्या गटात १४.१ टक्के. ज्याला आधीच एकदा झटका येऊन गेला आहे, तो पूर्ण बरा होण्याची शक्यता कमी, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. २०२० मध्ये काही संशोधकांनी या चाचणीच्या रुग्णनिहाय माहितीचे पुन्हा विश्लेषण केले. सुरुवातीचे असमतोल हिशेबात धरल्यावर लाभ सांख्यिकीदृष्ट्या उरला नाही, रक्तस्रावाची हानी मात्र कायम राहिली.

उत्तरायण

धागाकर्त्यांची मांडणी काळजीपूर्वक केलेली आहे, परंतु ती एका चाचणीपाशी थांबते. २०१४ मध्ये नऊ चाचण्यांतील ६,७५६ रुग्णांची माहिती एकत्र करून झालेले विश्लेषण त्यांनी का वगळले? त्यात तीन तासांच्या आत चांगला परिणाम (आधी औषधाचा गट, मग औषध न मिळालेला) ३२.९ विरुद्ध २३.१ टक्के, तीन ते साडेचार तासांत ३५.३ विरुद्ध ३०.१ टक्के आणि साडेचार तासांनंतर ३२.६ विरुद्ध ३०.६ टक्के होता. लाभ वेळेबरोबर हळूहळू ओसरतो, १८० व्या मिनिटाला तो एकदम संपत नाही, आणि मेंदूच्या ऊतीबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्याशी हे सुसंगत आहे. मोठी वाहिनी बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ चा अंदाज आहे. घड्याळातल्या कोणत्या काट्याला या पेशी मान देणार आहेत?

२०२० च्या फेरविश्लेषणाबद्दल एवढेच म्हणतो की, ८२१ रुग्णांच्या चाचणीत आणखी घटकांतले असमतोल हिशेबात धरत, म्हणजे समायोजित करत गेले की अनिश्चितता वाढते आणि फरक 'सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध' राहत नाही. फरक सिद्ध होत नाही म्हणजे फरक नाही, असे होत नाही. मूळ संशोधकांनी स्वतः केलेल्या समायोजित विश्लेषणात लाभ टिकला होता.

संमतीच्या मुद्द्याची मला अधिक काळजी वाटते. वडिलांची वाचा गेलेली, उजवा हात लुळा पडलेला, आणि मुलापुढे आपण दोन प्रतींच्या पुराव्यांची तुलना मांडायची! त्या संभाषणात जाणारी दहा मिनिटे हीसुद्धा हानीच आहे.

शेवंता

मी वैद्यकातली नाही, परंतु औषधचाचण्यांच्या आकडेवारीवर काम करते. दोघांनीही ज्यावर बोट ठेवलेले नाही अशी एक बाब आहे : 'प्रकृती बिघडवणारा रक्तस्राव' कशाला म्हणायचे, याची व्याख्या प्रत्येक चाचणीत निराळी आहे. एकॅस-३ मध्ये हे प्रमाण २.४ विरुद्ध ०.२ टक्के असे ठळकपणे छापले गेले, कारण तिथे रक्तस्राव हेच प्रकृती बिघडण्याचे मुख्य कारण ठरवले गेले तरच त्याची गणती होत होती. त्याच रुग्णांना १९९५ च्या चाचणीची व्याख्या लावली की आकडे ७.९ विरुद्ध ३.५ टक्के होतात. दोन्ही आकडे त्याच शोधनिबंधात आहेत, त्यामुळे लपवाछपवीचा आरोप मी करत नाही. परंतु पुढच्या सादरीकरणांत आणि माहितीपत्रकांत कोणता आकडा प्रवास करत राहिला, ते आपण सारे जाणतोच.

दुसरे असे की, या औषधांचा इतिहास सरळसोट नाही. स्ट्रेप्टोकायनेझ हे गुठळी विरघळवणारे जुने औषध वापरून इटली, युरोप आणि ऑस्ट्रेलियात झालेल्या तीन मोठ्या चाचण्या मृत्यू आणि रक्तस्राव वाढल्यामुळे मुदतीआधीच थांबवाव्या लागल्या होत्या. अल्टेप्लेझच्याही पहिल्या दोन युरोपीय चाचण्यांत, तसेच अमेरिकेतल्या तीन ते पाच तासांच्या चाचणीत मुख्य निकष (यश ज्यावरून ठरवायचे असे आधीच जाहीर केलेले माप) साधला गेला नाही. इतक्या नकारात्मक निकालांच्या पार्श्वभूमीवर आलेला, जेमतेम उंबरठा ओलांडणारा निकाल मी तरी सावधपणेच वाचेन.

धुळाक्षर

उत्तरायण यांनी विचारलेल्या एकत्रित विश्लेषणाबद्दल : त्यातले सर्वांत मोठे योगदान 'आयएसटी-३' या एडिंबरामधून चालवलेल्या चाचणीचे आहे. ३,०३५ रुग्णांची ही चाचणी बहुतांशी उघड होती, म्हणजे औषध कुणाला मिळाले ते रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक होते. तिचा मुख्य निकष साधला गेला नाही (३७ विरुद्ध ३५ टक्के), आणि पहिल्या सात दिवसांत औषधाच्या गटात ११ टक्के, तर दुसऱ्या गटात ७ टक्के रुग्ण दगावले. आपल्या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, त्या चाचणीत तीन ते साडेचार तासांच्या रुग्णांत औषधाचा कल प्रतिकूल दिशेने होता. एकत्रित विश्लेषणातला मधल्या काळाचा लाभ त्यामुळे पुन्हा बराचसा एकॅस-३ च्याच आधारावर येऊन ठेपतो.

आणि हे केवळ माझ्यासारख्या संशयी माणसाचे म्हणणे नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्टेप्लेझच्या पक्षाघातासाठीच्या परवान्याची मुदत तीन तासांवरच ठेवली. साडेचार तासांपर्यंत ती वाढवली नाही. तिथल्याच हृदयविकार संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत दोन्ही कालखंडांना शिफारस सारख्याच ताकदीची दिलेली असली, तरी मधल्या काळाच्या पुराव्याची प्रत एक पायरी खाली नोंदवलेली आहे. सूचना लिहिणाऱ्यांना जो फरक नोंदवावासा वाटला, तो ज्याच्या मेंदूत हे औषध जाणार त्याच्या घरच्यांना का सांगू नये?

उत्तरायण

आयएसटी-३ मधील उपगट पुढे करायचा असेल, तर तो पूर्ण करावा. त्याच चाचणीत साडेचार ते सहा तासांच्या रुग्णांत कल औषधाच्या बाजूने होता. म्हणजे चौथ्या तासाला औषध घातक आणि पाचव्या तासाला हितकारक, असे आपण मानायचे का? दोन्ही कल आकस्मिक चढउतार आहेत, हेच त्याचे सरळ उत्तर. एक कल पुरावा म्हणून घ्यायचा आणि दुसऱ्याचा उल्लेखही करायचा नाही, हे मला अमान्य आहे. सहा महिन्यांअखेर त्या चाचणीतील मृत्यूंचे प्रमाण दोन्ही गटांत २७ टक्केच होते, हेही धागाकर्त्यांनी सांगितलेले नाही. शिवाय त्यातील निम्म्याहून अधिक रुग्ण ऐंशी वर्षांपुढचे होते. इतक्या वयस्कर रुग्णांवर त्याआधी मोठी चाचणी झालीच नव्हती.

परवान्याचे म्हणाल, तर अमेरिकेने नाकारले आणि युरोपने दिले. ब्रिटनच्या औषध नियामकाने आक्षेप आल्यावर स्वतंत्र तज्ज्ञगट नेमला आणि २०१५ मध्ये साडेचार तासांपर्यंत लाभाचे पारडे जड आहे, असाच निष्कर्ष काढला.

माणदेशी

तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो, त्यामुळे ही चर्चा वाचताना थोडे हसूही आले. आमच्याकडे प्रश्न तीन की साडेचार, इथपर्यंत क्वचितच पोचतो. रात्री ठणठणीत झोपलेला माणूस पहाटे तोंड वाकडे झालेल्या अवस्थेत सापडतो. सुरुवात कधी झाली ते कुणालाच ठाऊक नसते, आणि अशा वेळी तो शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथून तास मोजायचे असतात. सीटी स्कॅनशिवाय गुठळी की रक्तस्राव हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय हे औषध द्यायचे नसते. 'सकाळपर्यंत वाट पाहू', 'आधी मालिश करून बघू', यांत गेलेला वेळ कोणत्याही शोधनिबंधात मोजला जात नाही.

तरीही मूळ प्रश्नावर माझे मत धुळाक्षर यांच्या बाजूने झुकते, आणि ते वेगळ्या कारणाने. मुदत सरसकट साडेचार तास सांगितली की सगळ्यांनाच निवांतपणा येतो : नातेवाइकांना, रुग्णवाहिकेला आणि क्षमा असावी, पण आम्हालाही. दोन तासांत पोचलेल्या रुग्णाला तिसऱ्या तासाच्या शेवटी औषध मिळणे हा अपराध आहे, हे त्या एकाच आकड्यामागे झाकले जाते.

उत्तरायण यांची दहा मिनिटांची भीती मला रास्त वाटत नाही, कारण हे बोलणे स्कॅन चालू असताना उरकता येते. टेनेक्टेप्लेझ हे त्याच जातीचे नवे औषध आल्यापासून तर औषध देण्याचा वेळही वाचला आहे. अल्टेप्लेझचा दहावा हिस्सा एकदम आणि उरलेला तासभर पंपातून द्यावा लागतो. टेनेक्टेप्लेझ एकाच वेळी टोचून मोकळे होता येते, त्यामुळे रुग्णाला पुढे मोठ्या केंद्रात हलवायचे असेल तर पंप सांभाळत बसावे लागत नाही. कॅनडातल्या सुमारे १,६०० रुग्णांच्या २०२२ च्या चाचणीत ते अल्टेप्लेझपेक्षा कमी ठरले नाही (३६.९ विरुद्ध ३४.८ टक्के). आपल्याकडे ते पुण्याजवळ हिंजवडीतली जेनोव्हा कंपनी बनवते, आणि पक्षाघातासाठी ते वापरण्याची परवानगी अमेरिकेच्या कितीतरी आधी भारतात मिळाली होती. अमेरिकेत ती मार्च २०२५ मध्ये मिळाली.

कोरा_कागद

तास मोजण्याची पद्धतच आता मागे पडत चालली आहे, तेव्हा तीन आणि साडेचार या वादाला मी फारसे महत्त्व देणार नाही. माणदेशी यांनी सांगितलेल्या झोपेतल्या पक्षाघातावर २०१८ मध्ये युरोपात चाचणी झाली. एमआरआयच्या एका प्रकारच्या प्रतिमेत इजा दिसते आणि दुसऱ्या प्रकारात अजून उमटलेली नाही, अशा ५०३ रुग्णांत चांगला परिणाम औषधाच्या गटात ५३.३ टक्के आणि प्लासिबोच्या गटात ४१.८ टक्के होता. २०२४ मध्ये चीनमधील चाचणीत तर साडेचार ते चोवीस तासांच्या काळातही, मोठी वाहिनी बंद असलेल्या परंतु नळीने गुठळी काढण्याची सोय न झालेल्या ५१६ रुग्णांत, टेनेक्टेप्लेझने चांगला परिणाम २४.२ वरून ३३ टक्क्यांवर गेला. वाचवण्याजोगी ऊती प्रतिमेत दिसत असेल, तर औषध द्यावे.

शेवंता

कोरा_कागद यांच्या पहिल्या उदाहरणाला एक पुरवणी. २०१८ ची ती चाचणी ८०० रुग्णांसाठी आखलेली होती आणि निधी संपल्यामुळे आधीच थांबली. औषधाच्या गटात मृत्यू ४.१ टक्के आणि प्लासिबोच्या गटात १.२ टक्के होते. संख्या लहान असल्यामुळे तो फरक सिद्ध झाला नाही. मात्र उत्तरायण यांचेच तत्त्व लावायचे, तर 'सिद्ध झाला नाही' म्हणजे 'नाही' नव्हे.

माणदेशी

आणि चीनच्या चाचणीतले रुग्ण मेंदूतील रक्तप्रवाहाचे मापन करणाऱ्या प्रतिमांवरून निवडलेले होते. ज्या गावात नळीने गुठळी काढता येत नाही, तिथे असे यंत्र तरी कुठले असायला?

धुळाक्षर

बरेच मुद्दे पुढे आले, तेव्हा नेमका मजकूरच चर्चेला ठेवतो. संमती घेताना एवढे सांगावे : 'तीन तासांच्या आत दिले, तर शंभरातील साधारण दहा जण जास्तीचे बरे होतात. तीन ते साडेचार तासांत दिले, तर साधारण पाच, आणि या आकड्याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. केव्हाही दिले, तरी शंभरातील दोन ते तीन जण या औषधामुळे झालेल्या रक्तस्रावाने दगावतात.' हे आकडे उत्तरायण यांनी सांगितलेल्या २०१४ च्या विश्लेषणातलेच आहेत, आणि ते सांगायला एक मिनिटही लागत नाही.

उत्तरायण

पहिली दोन वाक्ये मी उद्यापासून वापरेन. 'तज्ज्ञांत मतभेद आहेत' हे शब्द मात्र मी म्हणणार नाही, कारण ते ऐकल्यावर नातेवाईक आकडा विसरतात आणि वाट पाहायचे ठरवतात. शेवटच्या वाक्याला जोडही हवी : त्याच विश्लेषणात तीन महिन्यांअखेरचे एकूण मृत्यू १७.९ विरुद्ध १६.५ टक्के होते, आणि तो फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झालेला नाही.

धुळाक्षर

मृत्यूंची जोड मान्य आहे, अट इतकीच की १७.९ हा आकडा औषधाच्या गटाचा आहे, हे स्पष्ट सांगावे. मतभेदाचा उल्लेख मात्र मी काढणार नाही. तो ऐकून एखादे कुटुंब चौथ्या तासाला नकार देत असेल, तर तो नकार त्यांच्या अधिकारातला आहे.