मदत हवी आहे: कॉलरबोन (गळ्याखालचं आडवं हाड) फ्रॅक्चर, खांदा कधी हलवायचा?

नवरा सायकलवरून खांद्यावर आपटला, कॉलरबोन मधोमध मोडलंय, टोकं फार सरकली नाहीत म्हणून ऑपरेशन नको, स्लिंगच (हात गळ्यात अडकवायची झोळी) ठेवा म्हणाले डॉक्टर. मोठ्या माणसाचं हाड जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, आज तिसरा आठवडा. बोटं, मनगट, कोपर रोज हलवतो पण खांद्याला हात लावू देत नाही, रात्री आडवं झालं की कळ येते म्हणून उशा रचून बसूनच झोपतो, बघवत नाही हो. मोडलं तिथे सुपारीएवढा टणक उंचवटा आलाय, नवीन हाड धरतंय म्हणे, तो नंतर बसतो का? खांद्याचे व्यायाम तुम्हाला कितव्या आठवड्यात सांगितले होते? अनुभव असेल तर प्लीज सांगा.