यूकेतून पीजीसीई करून नागपुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवता येईल का?

संत्राबर्फी: नागपूर विद्यापीठातून बी.एस्सी. (पीसीएम) झालंय. इंग्लंडमध्ये एक वर्षाचा पीजीसीई (पदवीनंतरचा शिक्षक प्रशिक्षण कोर्स) करून परत यायचं आणि इथे माध्यमिकला शिकवायचं, असा विचार आहे. तो बी.एड.सारखा धरतात का? घरचे म्हणतात, इथलंच बी.एड. कर ना.

प्रयोगवही: शाळा कोणती हवी ते आधी सांगा. अनुदानित शाळेची भरती शासनाच्या पवित्र पोर्टलवरून होते, टीएआयटी या शिक्षक भरती परीक्षेच्या गुणांवर (२०० प्रश्न, १२० मिनिटं). तिथे पदवीसोबत बी.एड. लागतं. निवड झाल्यावर कागदपत्र पडताळणी, वैयक्तिक मान्यता (नेमणुकीला शिक्षण विभागाची मंजुरी), मग शालार्थ आयडी (शासनाच्या पगारप्रणालीतला क्रमांक). तो नसला की पगारबिलात नावच येत नाही. परदेशी कागद अडकायची भीती याच टप्प्यांवर. आपलं बी.एड. दोन वर्षांचं, पीजीसीई एक वर्षाचा, त्यामुळे बरोबरी आपोआप मिळेल असं धरू नका. परदेशी पदव्यांचं समकक्षता पत्र (इथल्या पदवीच्या बरोबरीचं असल्याचा दाखला) आधी एआययू ही विद्यापीठांची संघटना देत असे, २०२५ मध्ये यूजीसीने त्यासाठी स्वतःचे नियम आणले. पण पत्र मिळालं म्हणजे पदाची अट पूर्ण झाली, असं नव्हे. जायच्या आधी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. तोंडी 'चालते जी' पडताळणीच्या टेबलावर कामाचं नाही.

आणि कर्ज काढणार असाल तर हेही बघा: अनुदानित माध्यमिकला पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, मानधन महिना १८,००० रुपये.

वर्धारोड: आयबी किंवा केंब्रिज अशा आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या शाळांत चित्र उलटं, तिथे पीजीसीईला वजन आहे. फक्त कोर्स नीट निवडा. क्यूटीएससह (इंग्लंडमधला अधिकृत शिक्षक दर्जा) पीजीसीईमध्ये किमान दोन शाळांत मिळून १२० दिवस काढावे लागतात. घरबसल्या होणाऱ्या आंतरराष्ट्रीय पीजीसीईने क्यूटीएस मिळत नाही. नावं जवळपास सारखीच, त्यामुळे फसगत इथेच होते. प्रवेशपत्रात क्यूटीएस हा शब्द शोधा.

संत्राबर्फी: आयबी डोक्यात नव्हतं. सेमी इंग्रजी, अनुदानित शाळाच हवी आहे.

प्रयोगवही: मग घरचे बरोबर आहेत. बी.एड. सीईटी (प्रवेश परीक्षा) द्या: १०० प्रश्न, ९० मिनिटं, खुल्या प्रवर्गाला पदवीत ५० टक्के हवेत. अध्यापन पद्धती विज्ञान आणि गणित घ्या, कारण शाळेत बहुधा दोन्ही विषय एकाच्याच गळ्यात पडतात. दहावीला विज्ञान भाग १ आणि भाग २ प्रत्येकी ४० गुणांचे, शिवाय २० प्रात्यक्षिकाचे. म्हणजे फिजिक्सवाल्यालाही जीवशास्त्र शिकवावंच लागतं. बी.एड.च्या सरावपाठांत दोन-चार पाठ मुद्दाम त्यातले घ्या.

वर्धारोड: तरीही गेलातच, तर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का) तिकडेच करून आणा. तिथल्या प्रमाणपत्राला तिथल्याच सरकारचं अपोस्टिल लागतं, त्याआधी तिथल्या सॉलिसिटर किंवा नोटरीची सही. इथे आल्यावर कुरिअरने करायचं म्हणजे दुप्पट डोकेदुखी.