धरणावर गळ टाकायला बंदी आणि आपली संघटना गप्प, कुणाला काही माहिती आहे का?

मावळचा_गळ

नमस्कार मंडळी. पुण्याहून मावळात गळ टाकायला जाणारे इथे बरेच जण आहेत म्हणून इथेच विचारतो. आम्ही ज्या धरणाच्या फुगवट्यावर बसतो (नाव मुद्दाम टाकत नाही, तिथल्या गार्डवर उगाच बोलणं यायला नको) तिथे पावसाळ्यापासून प्रवेश बंद आहे. पावसाळ्यात बंद केलं ते बरोबरच होतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळून चार जण गेले, त्यानंतर प्रशासन कडक होणारच आणि व्हायलाच पाहिजे. पण आता थंडी पडली, पाणी उतरलं, काठ उघडा पडला, वरच्या अंगाला शेतकऱ्यांच्या मोटारी चालू आहेत, गुरं पाण्यावर येतायत, आणि आमच्या हातात रॉड दिसला की गार्ड म्हणतो साहेबांची ऑर्डर आहे. कुठली ऑर्डर, किती तारखेची, ते त्यालाही सांगता येत नाही. गेटवरच्या बोर्डावर पोहण्यास व मद्यपानास सक्त मनाई एवढंच लिहिलंय, मासेमारीचा शब्दही नाही.

पण माझा खरा राग आमच्या गळवाल्यांच्या संघटनेवर आहे. दरवर्षी वर्गणी भरतो, ओळखपत्र घेतो, स्पर्धेला वेगळे पैसे देतो, आणि बंदी लागली तेव्हा संघटनेने काय केलं तर ग्रुपवर एक मेसेज टाकला की पुढील सूचना मिळेपर्यंत सदस्यांनी जाऊ नये. सूचना कोण देणार, कधी देणार, कुणी मागितली का, काही नाही. मी ऑर्डरची कॉपी मागितली, उत्तर नाही. अजून दोघातिघांनी विचारल्यावर ग्रुपच ओन्ली ॲडमिन करून टाकला. आमच्यात रिटायर झालेली माणसं आहेत ज्यांचा आठवड्याचा विरंगुळा म्हणजे ते पाणी, आम्ही कचरा करत नाही, पाण्यात उतरत नाही, छोटा मासा लागला तर सोडून देतो, आणि धबधब्यात दारू पिऊन उतरणाऱ्यांच्या रांगेत आम्हाला उभं केलंय आणि आमच्या बाजूने बोलायला आमचेच लोक तयार नाहीत.

मला एवढंच विचारायचंय की बंदी नक्की कोणत्या कायद्याखाली आहे हे शोधायचं कसं, आणि संघटना हलत नसेल तर साध्या सदस्याने एकट्याने पत्रव्यवहार केला तर चालतो का?

कागदपत्र

चालतो, आणि तुम्ही करायलाच हवा.

पावसाळ्यात पर्यटनस्थळांवर जे मनाई आदेश निघतात ते बहुतेक भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली असतात, म्हणजे आपलं जुनं १४४, १ जुलै २०२४ पासून हा नवा कायदा लागू आहे. या कलमाखालचा आदेश दोन महिन्यांच्या वर चालत नाही. राज्य सरकारने स्वतः अधिसूचना काढली तरच पुढे आणखी सहा महिन्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे जून-जुलैचा आदेश दाखवून थंडीत अडवत असतील तर एक तर मुदतवाढ झाली असेल किंवा मुदत संपून गेली असेल आणि गार्डला कुणी सांगितलं नसेल. दुसरं जास्त शक्य वाटतं.

दुसरं कारणही असू शकतं. भिंत, दरवाजे, वीजघर हा भाग सुरक्षेचा, काही धरणांवर १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा लावून ठराविक हद्द प्रतिबंधित केलेली असते, तिथे वाद घालू नका. फुगवट्याचा एखादा हात अभयारण्यात जात असेल तर मामला वनखात्याचा होतो, कोयनेच्या शिवसागराच्या काठाला तसंच आहे. आणि पाण्यातल्या माशांचा हक्क मत्स्यव्यवसाय खात्याकडून ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो, ते आणखी वेगळं प्रकरण. प्रत्येकाचं ऑफिस वेगळं, त्यामुळे "बंदी उठवा" असं मोघम पत्र दिलं की ते टेबलावरून टेबलावर फिरत बसतं.

म्हणून आधी माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांत होतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एक अर्ज तहसील कार्यालयात, एक धरणाच्या पाटबंधारे विभागात. "बंदी का घातली" असं विचारू नका, का चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. आदेशाची प्रत, तारीख, कलम, मुदत, हद्दीचा नकाशा आणि मुदतवाढीची प्रत एवढंच मागा.

संघटनेवर थेट माहिती अधिकार बहुधा चालणार नाही, सरकारी अनुदानावर चालत असेल तर गोष्ट वेगळी. पण १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली असेल तर आपल्या राज्यात ती १९५० च्या कायद्याने विश्वस्त संस्था म्हणूनही नोंदलेली असते. मग तिची घटना, हिशेब, कार्यकारिणी बदलल्याचे अर्ज हे सगळं धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात बघायला मिळतं. घटना काढून वाचा, किती सदस्यांच्या सह्यांनी विशेष सभा बोलावता येते ते त्यात असतं.

जुना_सेक्रेटरी

मी तुमच्या नाही, दुसऱ्या जिल्ह्यातल्या संघटनेत बरीच वर्षं सेक्रेटरी होतो म्हणून दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. ही कामं करणारी माणसं नोकरी सांभाळून करतात, एका पत्राची पोच घ्यायला अर्धा दिवस रजा टाकावी लागते. आणि समितीला कायम एकच धास्ती असते, फार जोर लावला तर आहे तेही जाईल. आमच्या तलावावर परवानगी तोंडी होती, लेखी मागायला गेलो असतो तर नवीन साहेबाने सरळ नाही म्हटलं असतं आणि मग तोंडीसुद्धा गेली असती. त्यामुळे गप्प बसणं हा सुद्धा कधी कधी विचार करून घेतलेला निर्णय असतो.

पण ग्रुप बंद करणं चूकच. काय केलं, काय नाही, का नाही, ते सदस्यांना सांगायलाच पाहिजे.

मावळचा_गळ

सर राग नाही, पण तोंडी परवानगीवरच सगळं चाललं म्हणूनच तर आज ही वेळ आली ना. साहेब बदलला की परवानगी गेली. इतकी वर्षं वर्गणी घेऊन एक लेखी कागद हातात नसेल तर संघटना नेमकी कशासाठी? स्पर्धा आणि टीशर्ट आम्ही आमचेही करू शकतो.

बोटुकली

मी मावळातल्याच एका मच्छीमार संस्थेचा सभासद हाय, भोई समाजाचा. तुमचं धरण कुठलं ते मला वाचूनच कळलं. तुम्ही सगळे खात्याचं आणि साहेबाचं बोलताय पण आमचं कुणी नाव घेतलं न्हाई, एका दादांनी घेतलं तेवढंच. पाण्याचा ठेका आमच्या संस्थेकडं हाय. दर वर्षी कटला, रोहू, मृगळची बोटुकली, म्हंजे बोटाएवढी पिल्लं, आम्ही विकत आणून सोडतो, ठेक्याची रक्कम भरतो, राखण करतो. पुण्याचा माणूस गाडी घेऊन येतो, पाच किलोचा कटला काढून फोटू टाकतो, तो मासा आमच्या पैशानं मोठा झालेला असतो हे त्याच्या मनातसुद्धा येत न्हाई. दुसरं म्हणजे तंगूस, गळाची नायलॉनची दोरी. तुमची दोरी अडकली की तुम्ही तोडून मोकळे होता, ती तळाशी राहते, आमच्या जाळ्यात गुतते, जाळं फाटतं, पाणकावळे अडकून मरतात ते बी आम्हीच सोडवतो.

तरी बी आमचा गळवाल्यांना विरोध न्हाई. गळानं किती मासा जाणार. पण तुमच्या संघटनेचा एक बी माणूस आजपातूर आमच्या संस्थेत येऊन बसला न्हाई. चार पैसे दिवसाच्या पासाचे संस्थेला द्या, मोठा मासा मोजून लिहून ठेवा, तंगूस परत न्या, आमची हरकत न्हाई असं आम्ही लिहून देऊ. काठ मात्र खात्याचा, त्यावर आमचं चालत न्हाई. औंदा त्या गार्डनं आमच्या पोरांना बी हाकललंय, ठेक्याचा कागद दाखवून सुद्धा.

कावेरीकाठ

मी मूळचा सांगलीचा, बंगलोरला असतो. कर्नाटकात जे झालं ते सांगतो कारण त्यात तुमच्या लोणावळ्याचाही धागा आहे.

कावेरीवर भीमेश्वरी, दोड्डमाकळी, गालिबोर असे कॅम्प होते, जगभरातून लोक नदीतल्या मोठ्या महसीर माशासाठी यायचे, मासा पकडायचा, वजन करायचं आणि परत सोडायचा. कॅम्पवर गाईड म्हणून जी गावातली माणसं होती त्यातले कितीतरी आधी चोरून मासेमारी करणारे, गळवाल्यांच्या पैशावर त्यांचं घर चालायला लागलं आणि तीच माणसं नदी राखायला लागली. हा सगळा पट्टा कावेरी अभयारण्यात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने प्राण्याच्या व्याख्येत मासाही आला, आणि पकडणं म्हणजे शिकार असा अर्थ लावून २०१० नंतर हे कॅम्प गळासाठी बंद होत गेले. सोडून दिला तरी पकडलाच की, असं म्हणणं. राखण करणारे उठले आणि पाण्यात सुरुंग फोडून मासे मारणाऱ्यांना रान मोकळं झालं, हे तिथले जुने लोक आजही पोटतिडकीने सांगतात.

आता महत्त्वाचं. गालिबोरला प्रत्येक माशाची नोंद वहीत व्हायची. १९९८ ते २०१२ च्या त्या वह्या नंतर शास्त्रज्ञांनी तपासल्या, सहा हजारांवर महसीरांची नोंद होती, आणि त्यातून कळलं की कावेरीचा मूळचा कुबडाचा महसीर झपाट्याने कमी होत होता आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर वाढत होता. त्या माशाची पिल्लं लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रातून यायची, चांगल्या हेतूने सोडलेली. २०१८ मध्ये कुबडाच्या महसीरला त्याचं शास्त्रीय नाव नक्की मिळालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. गळवाल्यांच्या वह्या नसत्या तर हे कुणाला कळलंही नसतं. पण ती आकडेवारी अभ्यासाच्या रूपात पुढे आली तेव्हा कॅम्प बंद होऊन गेले होते.

म्हणून बोटुकली दादांनी मोजून लिहून ठेवायचं म्हटलंय ना, ते आजपासून सुरू करा. "आमचा छंद आहे" म्हणून कुठलाही साहेब ऐकत नाही, नोंदी ठेवल्या तर निदान वाचाव्या लागतात.

गरवणारा

रत्नागिरीकडची गोष्ट. आमच्याकडे गरवायला, म्हणजे गळ टाकायला, जेट्टी हीच जागा, तांबोशी, पालू, गोबरा सगळं तिथेच. आता एकेक जेट्टीवर नवीन कुंपण होतंय आणि आत सोडत नाहीत. आमची संघटनाच नाही त्यामुळे रागवायचं कुणावर हाही प्रश्न. तुमच्याकडे आहे ती तरी मोडू नका, सुधारा.

टेम्सपार

मी इंग्लंडमध्ये दहा-बारा वर्षं आहे, इथे गळ टाकतो. इथे १३ वर्षांवरच्या प्रत्येकाला गोड्या पाण्यात गळ टाकायला सरकारी परवाना लागतो, नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी असते, सगळं लेखी आणि तारखेसकट, त्यामुळे गार्डशी वाद हा प्रकार कमी. इथली राष्ट्रीय संघटना म्हणजे अँगलिंग ट्रस्ट, २००९ मध्ये बऱ्याच संस्था एकत्र येऊन झाली. लोक तिच्यावरही चिडतात. २०१८ मध्ये समुद्रातल्या बास माशासाठी हौशी लोकांना आधी वर्षभर फक्त पकडा आणि सोडा असा नियम आला आणि व्यावसायिक बोटींना ठराविक मर्यादेत पकडायची मुभा राहिली, तेव्हा संघटना कमी पडली म्हणून खूप आरडाओरडा झाला होता.

पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांनी जे केलं ते तुमच्या उपयोगाचं आहे. सगळं बंद असताना नुसतं उघडा उघडा करत बसले नाहीत, टप्प्याटप्प्याने कसं सुरू करता येईल, दोन माणसांत अंतर किती, स्पर्धा नाहीत, याचा आराखडा लिहून सरकारला दिला. १३ मे २०२० ला इंग्लंडमध्ये गळ टाकायला परवानगी मिळाली, सर्वात आधी सुरू झालेल्या खेळांत तो होता. साहेबाला सही करायला सोपं पडेल असा कागद तयार करून न्यायचा, हे संघटनेचं काम. तुमच्याकडे भिंतीपासून इतकं अंतर, पावसाळ्यात बंद, सूर्यास्तानंतर नाही, पाण्यात उतरायचं नाही, ओळखपत्र गळ्यात, एवढ्या अटी स्वतःहून लिहून दिल्या तर नाही म्हणायला कारण काय उरतं?

मावळचा_गळ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन्ही अर्ज आज रात्री लिहितो, मसुदा इथे टाकतो, कागदपत्र दादा एकदा नजर टाका. विशेष सभेसाठी सह्या गोळा करायला आमच्यातले चौघे तयार आहेत, विषय एकच ठेवणार, संघटनेने ठेका असलेल्या संस्थेशी लेखी करार करावा आणि अटींसकट प्रस्ताव खात्याला द्यावा. त्यांनी नाही केलं तर आम्ही आमच्या नावाने देऊ.

बोटुकली भाऊ, तंगूसचं तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं आहे, ते सगळ्यात आधी प्रस्तावात घालतो. तुम्हाला चालणार असेल तर येत्या रविवारी आम्ही दोघंजण संस्थेत येऊन बोलतो.

बोटुकली

रविवारी नका येऊ, रविवारी मासा वजनकाट्यावर असतो, कुणाला बोलायला सवड नसते. सोमवारी या, सेक्रेटरी अकराच्या नंतर बसतात. येताना ओळखपत्राची झेरॉक्स आणि जे काय लिहिलंय ते मराठीतच आणा, आमच्या जुन्या सभासदांना वाचून दाखवायचंय.