मदत हवी आहे: डिसेंबरअखेर नाशिकहून जैसलमेरचं मरू राष्ट्रीय उद्यान

नाशिक-सापुतारा-सुरत-अहमदाबाद-बाडमेर-जैसलमेर, अंदाजे हजार किलोमीटर. चार जण, एक डिझेल गाडी, वाटेत एक मुक्काम. मुख्य ओढ माळढोक पक्ष्याची. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून तो जवळपास नाहीसाच झाला, म्हणून आता मरू उद्यानातल्या सुदासरीकडे डोळे.

जैसलमेरला तेव्हा सूर्य सव्वासातनंतर उगवतो. दहाच्या सुमारास वाळू तापली की जमिनीलगतची हवा थरथरते आणि दुर्बिणीत पक्षी पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. म्हणजे पाहायला जेमतेम अडीच तास. त्यासाठी जैसलमेरहून पहाटे निघावं, की सम गावच्या वाळूच्या टेकड्यांजवळ राहावं? पक्षी लाजाळू, त्यामुळे पायी पाठलाग करायचा नाही, हे ठरलेलंच आहे. उद्यानाचा प्रवेश परवाना आणि वाटाड्या आधी ठरवावा लागतो का? लागत असल्यास कुठे?

मऊ वाळूत टायरची हवा ३२ वरून १८-२० पीएसआयपर्यंत उतरवायची, डांबरी रस्ता लागताच पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो. बारा व्होल्टचा पंप घेतोय. रुतलेल्या चाकाखाली घालायला सोबत फळ्या लागतातच का, की फावडं पुरे? पाणी माणशी रोज चार लिटर धरलंय.

रात्री पारा कधीकधी पाच अंशांखाली जातो. तंबूत नेताना कॅमेऱ्याच्या भिंगावर दव धरतं, म्हणून तो बंद पिशवीतच गुंडाळून आत न्यायचा बेत आहे.

हाताशी एक सकाळ उरली, तर आकलचं जीवाश्म उद्यान बघावं की सुदासरीलाच दुसरी फेरी मारावी? नुकतेच जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.